उणे बाराशे ऐंशी

"आता बघा," थोरात सिस्टर म्हणाल्या. "दोन वाजले की दहा मिनिटांत वाजतंच."

मी जुईला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले. पडद्यावर चार चौकोन होते. पेटी एक, छत्तीस पूर्णांक सात. पेटी दोन, छत्तीस पूर्णांक चार. पेटी तीन, छत्तीस पूर्णांक सहा. चौथा चौकोन राखाडी, त्यावर 'रिकामी' असं लिहिलेलं. ते चौकोन, ते रंग, ती अक्षरं, सगळं माझंच होतं. वर्षभरापूर्वी सांगलीच्या आमच्या तीन माणसांच्या ऑफिसात बसून मीच तो प्रोग्रॅम लिहिला होता.

विट्यातलं हे बाळांचं हॉस्पिटल लहान होतं. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं इथे काचेच्या पेटीत ठेवायची. बाळाच्या पोटावर एक बारीक तार चिकटवलेली, ती मागच्या भिंतीवरच्या खोबणीत, आणि भिंतीतून इथे सिस्टरांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला. बाळ गार पडलं की घंटी वाजायची आणि एक खिडकी उघडायची: अमुक पेटी, अमुक बाळ, तापमान इतकं, बाळाकडे लक्ष द्या. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. एवढंच काम.

बाळंतपणाच्या रजेवरून येऊन मला दहा दिवस झाले होते. थोरात सिस्टरांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "मॅडम, कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. पण ते तुमच्यातलं नसावं असं वाटतं." आमच्या ऑफिसचे श्रीरंगदादा हसले. स्पीकरची वायर सैल असेल, जाऊन ये म्हणाले. सासूबाई गावी गेल्या होत्या आणि पाच महिन्यांच्या जुईला पाळणाघरात ठेवायला माझा जीव धजत नव्हता. म्हणून तिला घेऊनच आले. त्या दिवसांत ती झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसायचे. श्वास लागला तरी पुन्हा धरायचे.

"काय वाजतं म्हणालात?" मी विचारलं.

उत्तर अनसूया मावशींनी दिलं. त्या तिथल्या आया. दारात उभ्या राहून दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. "वाळं वाजल्यागत. बारकं लेकरू पाय हलवतं का न्हाई, तसं."

"मावशी, तुम्ही गप्प बसा जरा."

"मी काय खोटं बोलते व्हय? तुमीबी ऐकलंय."

थोरात सिस्टर म्हणजे पंचवीस वर्षं बाळंतपणं केलेली बाई. पण मघाशी काचेतून मी वॉर्डात बघितलं होतं: चार नंबरच्या पेटीवर कुंकवाचं बोट होतं आणि पायाशी उदीची पुडी.

"भाद्रपदात एक मुलगी गेली त्या चार नंबरच्या पेटीत," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "सुरेखा म्हणून एक बाई होती, तिची. सातव्या महिन्यातली. जंतू रक्तात गेले, आमच्या हातात काही उरलं नाही. आता बाळांचं हॉस्पिटल म्हटल्यावर व्हायचंच. पण दसरा झाला आणि हे सुरू झालं. रोज दुपारी. पडद्यावर काही येत नाही. नुसतं वाजतं आणि थांबतं."

"नाव बी पडलं नव्हतं बिचारीचं," मावशी म्हणाल्या. "नाव न पडलेलं लेकरू दार शोधत फिरतं."

मी जुईला छातीशी धरलं. तिचा पाय चाचपला. मऊ, ऊबदार. मग स्वतःचाच राग आला आणि पाय सोडला.

दोन वाजले. ड्यूटी बदलायची ती वेळ. बाळंतिणींना बाहेर काढून वॉर्डाचं दार ओढून घेतलं. दुपारपाळीची सिस्टर आली आणि रजिस्टर उघडून कोपऱ्यात उभी राहिली. पंख्याची लय क्षणभर चुकली आणि पुन्हा लागली.

"लाईट गेली," मावशी वर न बघताच म्हणाल्या. "रोजचंच हाय. पाऊण तास. वरचा इन्व्हर्टर घेतोय समदं."

दोन वाजून चार मिनिटं. दोन वाजून सात. पडद्यावरचे आकडे जागचे हलले नाहीत. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

दोन वाजून अकरा मिनिटांनी ते वाजलं.

मावशींचं बरोबर होतं. वाळे वाजल्यासारखंच. तीनदा, हलक्या हाताने. तो आवाज मीच निवडला होता. कर्कश घंटीने झोपलेली बाळं दचकतात म्हणून यादीतल्या चाळीस आवाजांतून सगळ्यात मऊ. तरी माझ्या मानेवर काटा आला. कारण पडद्यावर काहीच आलं नव्हतं. तेच चार चौकोन. पेटी दोन, छत्तीस पूर्णांक चार.

मावशींनी हातातलं दुपटं तोंडावर धरलं. थोरात सिस्टर माझ्याकडे बघत होत्या, मी आता काहीतरी म्हणेन म्हणून. आणि मी जुईकडे बघत होते.

जुईने मान वळवली होती. पडद्याकडे नाही, त्याच्या डावीकडे. तिथे भिंत होती. कोरी, फिकट हिरवी. त्या भिंतीकडे ती डोळे मोठे करून बघत होती, घरात कुणी ओळखीचं आलं की बघते तशी. आणि ती हसली.

"अगं बाई," मावशी पुटपुटल्या.

तेवढ्यात दाराच्या काचेवर टकटक झाली. बाहेर एक मुलगी उभी. विशीची असेल, अंगावर गाऊन, त्यावर ओढणी.

"सिस्टर, सोडा की आत. दोनच मिनिटं."

"रेश्मा, पावणेतीनला ये. ड्यूटी बदलतीये."

"पाय गार पडले असतील तिचे."

"हे बघ, सुरू झालं." सिस्टर मला म्हणाल्या, "दोन नंबरची आई. दसऱ्याच्या सकाळी बाळंत झाली. सोळा दिवस झाले, रोज हेच. पावणेतीनला आत येते, पायाला हात लावते आणि गार आहेत म्हणते." मग मोठ्याने, दाराकडे, "थंड पाण्याने हात धुऊन येतेस, मग गारच लागणार. छत्तीस पूर्णांक चार आहे. पडद्यावर बघ, दिसतंय का?"

"दिसतंय," रेश्मा म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती. "रोज तेवढंच दिसतंय."

मी रेश्माकडे बघितलं. तिचे डोळे मला ओळखीचे होते. आरशात बघितलेले.

"वजन वाढतंय का तिचं?" मी विचारलं.

"वाढत न्हाई," रेश्मा म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणत्यात, कळत न्हाई का."

रोज तेवढंच. जिवंत बाळाचं तापमान सोळा दिवस एका आकड्यावर बसत नाही. जुईला ताप होता तेव्हा मी तासातासाला मोजलं होतं, मला माहीत होतं. पण त्या क्षणी माझं लक्ष तिथे पुरतं पोचलं नाही. मी पुन्हा जुई बघत होती त्या भिंतीकडे बघितलं. भिंतीला लागून टेबलाचं टोक होतं. त्यावर एकच स्पीकर. म्हणजे ती आवाजाकडे बघत होती, एवढंच. स्पीकरच्या मागे टेबलावर धूळ होती आणि धुळीच्या मधोमध एक स्वच्छ आयत. काहीतरी उचलून नेलेल्या वस्तूची जागा.

"सिस्टर, इथे दुसरा मॉनिटर होता ना?"

"होता की. खंडेनवमीला सगळी यंत्रं पूजेला खाली नेली. पेट्यासुद्धा, दोन रिकाम्या होत्या त्या. धुऊन पुसून, हळदकुंकू, झेंडूची माळ. मग डॉक्टर म्हणाल्या, एक पडदा खालीच राहू दे, पेशंटचे नंबर दाखवायला. इथे एकावर भागतंय."



हे आमच्या धंद्यातलं फार साधं दुखणं आहे. खिडकी कुठे उघडायची ते प्रोग्रॅम लक्षात ठेवतो. उजवीकडच्या मुख्य पडद्याच्या डाव्या कडेपासून मोजायला सुरुवात होते, तिथे शून्य. त्याच्याही डावीकडे दुसरा पडदा असेल तर तिथल्या जागा उणे आकड्यांत. इशाऱ्याची खिडकी त्या डाव्या पडद्यावर उघडावी असं मी ठरवलं होतं, चार चौकोन झाकले जाऊ नयेत म्हणून. तिची जागा होती उणे बाराशे ऐंशी. पडदा काढून नेला. खिडकीला कुणी सांगितलं नाही.

म्हणजे ती रोज उघडत होती. त्या हिरव्या भिंतीवर.

"जुईला धरता का?" मी मावशींना म्हणाले. त्यांनी घेतलं नाही. घ्यायला घाबरल्या. मग दुपारपाळीच्या सिस्टरने रजिस्टर मिटून तिला घेतलं.

मी कीबोर्ड पुढे ओढला. इथे सगळं माउसने चालायचं, कीबोर्डला कुणी हात लावत नसे. उघड्या खिडक्या एका दमात दाखवणाऱ्या दोन कळा मी दाबल्या आणि पडदा लहान लहान चौकटींनी भरून गेला. एकावर एक, ओळीने. मागे थोरात सिस्टरांचा श्वास ऐकू आला.

"एवढं काय आहे हे?"

मी सगळ्यात पुढची निवडली. दिसली नाही, कारण ती भिंतीवरच होती. मग तिला हलवायची आज्ञा दिली आणि उजव्या बाणाची कळ दाबून धरली. बराच वेळ काही झालं नाही. बाराशे ऐंशी ठिपक्यांचं अंतर चालून यायचं होतं तिला. मग पडद्याच्या डाव्या कडेतून एक पांढरी कड आत शिरली. हळू, थांबत थांबत, दार ढकलून कुणी आत यावं तशी. आधी बटणाचा कोपरा, मग अक्षरं.

पेटी चार. बेबी ऑफ सुरेखा. तापमान पस्तीस पूर्णांक पाच. बाळाकडे लक्ष द्या.

थोरात सिस्टर खुर्चीवर बसल्या. 

"ती गेलीये," त्या मला समजावल्यासारखं म्हणाल्या. "मॅडम, ती भाद्रपदात गेलीये. मी स्वतः गुंडाळून दिली."

मावशींच्या तोंडून देवाचं नाव निघत होतं.  काचेपलीकडे चार नंबरची पेटी दिसत होती. कुंकवाचं बोट, आत घडी घातलेली चादर, चादरीवर मोकळी पडलेली तार. अडल्यावेळी लागेल म्हणून ऊब चालू ठेवलेली. रिकामी. आणि पडद्यावर तिच्यातल्या बाळाचं तापमान. मी बघत असतानाच पस्तीस पूर्णांक पाचचं पस्तीस पूर्णांक चार झालं.

त्या आकड्यानेच मला हलवलं. नाव चुकीचं असू शकतं. नाव कुणीतरी टाइप करतं, आणि काढून टाकायला विसरतं. पण आकडा तारेतून येतो, पडद्यावर 'रिकामी' अशी खूण केली तरी येतच राहतो. उतरणाऱ्या आकड्याच्या टोकाला एक अंग लागतं.

"पेट्या खाली नेल्या होत्या म्हणालात," मी म्हणाले. "कुठल्या दोन?"

"दोन आणि चार."

"परत आणून जागेवर कुणी लावल्या?"

सिस्टरांनी मावशींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "वॉर्डबॉय आन् मी. नंबर हाईत की रंगवलेले. दोन मोकळ्या जागा होत्या, ढकलल्या आत. का बरं?"

मी हात धुतले नाहीत. चपलाही काढल्या नाहीत. वॉर्डाचं दार ढकलून सरळ आत गेले. मागे सिस्टर ओरडल्या असतील. पेटीवरचा नंबर मी बघितला नाही. भिंत बघितली. भिंतीवर खोबणीच्या वर माझ्याच ऑफिसने चिकटवलेले आकडे होते, एक ते चार. चारच्या खोबणीतून निघालेली तार मी बोटांत धरली आणि तिच्यामागून गेले. पेटीच्या मागून वर, झडपेतून आत, एका मुठीएवढ्या पोटापर्यंत. पेटीवर मोठ्या निळ्या अक्षरात 'दोन' रंगवलेलं होतं.

भिंतीकडच्या बाजूला पेटीचा दिवा विझलेला होता. चौथी जागा जादा पेटीची म्हणून तिथला प्लग इन्व्हर्टरवर घेतलेला नव्हता. रोज दोन वाजता लाईट जायची आणि ही एकटी पेटी हळूहळू गार व्हायची. रंगवलेली चार नंबरची पेटी, उदीसकट, दुसऱ्या खोबणीला जोडलेली. तिच्या रिकाम्या उबेचं तापमान सोळा दिवस रेश्माच्या मुलीच्या नावावर दिसत होतं.

"सिस्टर," मी म्हणाले, "हिच्या पायाला हात लावा."

"अहो पण छत्तीस पूर्णांक..."

"तो पडदा मी लिहिलाय. पायाला हात लावा."

थोरात सिस्टरांनी झडपेतून हात घातला. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. पुढे मात्र त्या एका क्षणात पुन्हा पंचवीस वर्षांच्या अनुभवाच्या सिस्टर झाल्या. तार सुटली, झडप उघडली, बाळ बाहेर आलं, "रेश्मा, आत ये, गाऊन सोड." रेश्मा धावतच आली. बाळाला तिच्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वर दुपटं, वर ओढणी, वर मावशींचा पदर. रेश्मा रडली नाही. बाळाचा पाय मुठीत धरून ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "गार हाय का न्हाई?"



पेट्यांच्या जागा बदलल्या, प्लग बदलला. वरून डॉक्टर आल्या, सगळं ऐकून रजिस्टर घेऊन बसल्या. मी सिस्टरांच्या खोलीत परतले. जुई झोपली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं, मग कामाला लागले. एकेक खिडकी भिंतीवरून ओढून आणायची आणि बंद करायची. एकूण चौदा होत्या, प्रत्येकीच्या माथ्यावर वार आणि वेळ.

तासाभराने रेश्मा खोलीच्या दारात आली. बाळ छातीशी बांधलेलं, फक्त टाळूवरचं टोपडं दिसत होतं. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि वाचायला लागली. बारावी झालेली होती.

"बुधवार, दोन तेरा. बरोबर. त्या दिवशी लई गार होती." मी 'ठीक आहे' दाबलं. "गुरुवार. व्हय." दाबलं. "रविवार न्हाई का? रविवारी लाईट जात न्हाई, बरोबर." दाबलं. "सोमवारी मी भांडले होते ह्यांच्याशी." दाबलं.

प्रत्येक वेळी तेच बटण. त्यावर 'ठीक आहे' लिहिताना मी दुसरा शब्द शोधला नव्हता.

चौदावी बंद झाल्यावर मी लॅपटॉप उघडला. खिडकी उघडण्याआधी तिथे पडदा आहे का ते तपासायचं, नसेल तर मुख्य पडद्यावर आणायचं. चार ओळींचं काम. ती जागा मी शोधली. आणि तिथे, त्या ओळीच्या वर, माझ्याच हातची एक टीप होती. प्रोग्रॅम चालताना तिला अर्थ नसतो, ती फक्त वाचणाऱ्या माणसासाठी असते. सातवा महिना चालू होता, पाठ दुखत होती, दुसऱ्या दिवसापासून रजा होती. मला तो दिवस आठवला. ती टीप मात्र आठवत नव्हती.

'दुसरा मॉनिटर काढला तर खिडकी हरवेल. बाळंतपणानंतर बघू.'

"बाई," रेश्मा मागून म्हणाली, "हे रोज सांगत होतं कोण? बाळाकडे लक्ष द्या, बाळाकडे लक्ष द्या. कोण लिहितं हे?"

मी लॅपटॉप अर्धा मिटला.

"मी लिहिलंय."

 मग एका हाताने बाळाला सांभाळत ती खाली वाकली. मी पाय मागे घेतले, पण खोली लहान होती.

"माझं कुणी ऐकलं न्हाई," ती म्हणाली. "तुमी सोळा दिवस वरडत होता. बारशाला यायचं हां. बाळीला घेऊन."

मी हो म्हणाले. गेले नाही. कार्तिकात निमंत्रण आलं, हळदीचं बोट लावलेलं, आणि मी जुईला सर्दी आहे असं कळवलं. तिला सर्दी नव्हती.

याला नऊ वर्षं झाली. रेश्माची मुलगी चौथीत आहे, थोरात सिस्टरांकडून कळतं. मी अजून तेच काम करते. खिडकी उघडण्याआधी पडदा शोधते. आणि सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर जुई पुस्तक घेऊन पलंगावर पालथी पडलेली असते, तेव्हा दोन वाजून दहा मिनिटांनी माझे हात आपोआप तिच्या पायांकडे जातात.

ती पुस्तकातून मान वर करत नाही.

"गरम आहेत, आई," ती म्हणते. "जा आता."